१८१० च्या काळातल्या गाऊनसाठी कापड कोणतं घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भाचीच्या कॉलेजच्या नाटकासाठी इंग्लंडमधल्या १८१० च्या आसपासचा गाऊन शिवून राहिली आहे, म्हणजे कंबर अगदी छातीच्या खाली, पुढून सरळ आणि मागे बारीक चुण्या असलेला. तेव्हा तिकडे पांढऱ्या मलमलीची फॅशन होती आणि उत्तम मलमल तर आपल्याकडून, ढाक्याहून जायची, म्हणून मला मलमलच वापरायची फार इच्छा आहे.

काल इथे नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात दोन तास फिरली. एका दुकानात मलमल म्हणून जे दाखवलं ते हातात घेताच पॉलिस्टर मिक्स वाटलं, धागा जाळून पाहिला तर राखेऐवजी कडक गोळी झाली, मग नाही घेतलं. दुसरीकडे प्युअर कॉटन मलमल मिळाली, पडते इतकी सुंदर की काय सांगू, पण स्टेजच्या लाईटमध्ये आरपार दिसेल. आत केंब्रिकचा, म्हणजे जरा घट्ट विणीच्या सुती कापडाचा पेटीकोट दिला तर चालेल का, की चुण्या फुगतील?

कोणी व्हॉइल (पातळ सुती कापड) सुचवतंय, कोणी कॉटन सिल्क. कॉटन सिल्कची चमक मला या गाऊनला नको वाटते, आणि मे महिन्यात नागपुरात ते घालून पोरगी तासभर उभी कशी राहील?

४४ इंच पन्ह्यात पाच मीटर पुरेल ना? उंची साडेपाच फूट आहे. आणि मलमल शिवायच्या आधी धुऊन आटवून घ्यायची, तर किती जास्त धरू? इतवारीत चांगली मलमल मिळणारं दुकान माहीत असेल तर नक्की सांगा, रविवारी कापायला घ्यायचं आहे.