क्रूझवरून अर्ध्या दिवसात ऑलिंपिया : अनुभव लिहा

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर काताकोलो बंदरात क्रूझ लागते आणि गाइडबरोबर प्राचीन ऑलिंपियाची, म्हणजे जुने ऑलिंपिक खेळ व्हायचे त्या जागेची, सहल निघते. जाऊन आलेल्यांनी इथे नेमकं लिहा: वेळ कुठे जातो, काय चुकतं, काय सोडू नये. 'अप्रतिम, जरूर जा' एवढंच नको.

---

आधी वेळेचं गणित. बंदर ते ऑलिंपिया सुमारे 40 किमी, बसने पाऊण तास. चार तासांची सहल घेतली तर दीड तास रस्त्यात, अर्धा तास चढणं-उतरणं, डोकी मोजणं आणि फाटकातली रांग यात. उरले दोन. अवशेषांमध्ये दीड तास सहज जातो आणि संग्रहालय पळत पळत उरकावं लागतं. म्हणून पाच तासांची सहल बघा. वेळापत्रकात 'गावात मोकळा वेळ' असेल तर तो खरेदीचा असतो, तो सरळ संग्रहालयाला द्या. फक्त बस कुठे उभी राहणार हे गाइडला आधीच विचारून ठेवा.

---

गाइडचं बोलणं ऐकायला मिळणाऱ्या कानातल्या रिसीव्हरबद्दल: चॅनल आणि बॅटरी बसमध्येच तपासा. गाइड भिंतीआड गेला की आवाज तुटतो, त्यामुळे फोटोसाठी फार मागे राहू नका. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी हवंच. वाटा खडीच्या, दगड गुळगुळीत, चपला नकोत.

---

ग्रीक देवांचा राजा झ्यूस, त्याच्या देवळाशी सगळे लांबून फोटो काढतात. जवळ जा. भूकंपात पडलेल्या खांबांचे गोल तुकडे काकडीच्या चकत्यांसारखे एकावर एक कलंडलेत. दगड संगमरवरी नाही. शिंपल्यांचा खडबडीत चुनखडक आहे, शिंपले नुसत्या डोळ्यांना दिसतात. त्यावर पांढरा गिलावा होता, तो गेला. (उभा दिसणारा एकमेव खांब 2004 मध्ये पुन्हा रचलेला.)

झ्यूसची बायको हेरा, तिच्या देवळात खांबांची तुलना करा, जाडी आणि माथे एकसारखे नाहीत. मूळ खांब लाकडी होते. जसजसा एकेक बदलला तसतसा त्या त्या काळच्या घाटाचा दगडी आला. गाइड बहुतेकदा इथे, याच देवळासमोर पेटवल्या जाणाऱ्या ऑलिंपिक ज्योतीचंच सांगतो.

---

स्टेडियमच्या कमानीआधी डाव्या हाताला ओळीने रिकामे चौथरे आहेत. फसवणूक करणाऱ्या खेळाडूंच्या दंडातून उभारलेले झ्यूसचे ब्राँझ पुतळे त्यांवर होते. मैदानात शिरताना स्पर्धकांच्या नजरेला पडावेत अशीच जागा! आत दगडी आरंभरेषा पाहा: पायाची बोटं रोवायला दोन समांतर खाचा. दोन रेषांमधलं अंतर 192.27 मीटर. पळून बघायचं असेल तर बसची वेळ आठवून.

---

संग्रहालयाबद्दल माझं मत ठाम आहे: अवशेष आधी, शिल्पं नंतर. झ्यूसच्या देवळाचा आकार डोळ्यांत असला की छपराखालच्या त्रिकोणातली शिल्पं जागेवर बसतात. पूर्वेकडे पुराणकथेतल्या पेलॉप्सच्या रथशर्यतीआधीची शांतता, पश्चिमेकडे सेंटॉरांची (अर्धे माणूस, अर्धे घोडे) झोंबाझोंबी आणि मधोमध हात पसरलेला अपोलो देव. बाजूने डोकावलं तर मूर्तींच्या पाठी ओबडधोबड सोडलेल्या दिसतात, कारण खालून त्या दिसणारच नव्हत्या.

त्याच देवळावरच्या कोरीव पटांत पुराणातला वीर हेराक्लीस याचे 12 पराक्रम आहेत; त्यांपैकी एकाच पटाला वेळ असेल तर आभाळ पेलणाऱ्या अ‍ॅटलसचा निवडा. हेराक्लीसने आभाळ पेलायला चुंबळीसारखी उशी घेतलीय आणि मागे अथीना देवी एका हाताने सहज टेकू देतेय. हर्मीस देवाच्या पुतळ्यापाशी गर्दी असते, तो शेवटी ठेवा. पुतळ्यासारखी पोझ देऊन फोटो काढू देत नाहीत. रखवालदार लगेच हटकतात. फ्लॅशही बंद.

गावात ऑलिंपिक खेळांच्या इतिहासाचं वेगळं संग्रहालय आहे. ही शिल्पं पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, चुकीच्या दारात शिरू नका.

---

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: क्रूझ ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येणार असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. आणि स्वतः टॅक्सी करून ऑलिंपियाला गेलात तर उशीर झाल्यावर जहाज थांबत नाही; जहाजाच्या सहलीची बस अडकली तर थांबतं. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, मोबाइलची वेळ वेगळी असू शकते.