घागर, माणूस आणि अमूर्त: चित्रकाराने एकच वाट धरावी का?

खानापूरकर
बेळगावात टिळकवाडीतलं चित्रप्रदर्शन बघून आलो. चित्रकार आपल्याच भागातला, तरुण. एका भिंतीवर स्थिरचित्रं, दुसरीवर माणसं, तिसरीवर अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार नसलेली. हात तयार आहे, त्यात वादच नाही. पण तिन्ही भिंती तीन वेगळ्या माणसांच्या वाटल्या. इटलीचा चित्रकार मोरांडी जन्मभर बाटल्या-बरण्यांना धरून राहिला, म्हणून त्याचं चित्र लांबूनही ओळखू येतं. आपले अमूर्त चित्रकार गायतोंडे सुरुवातीला मानवाकृती करायचे. सोडल्या त्या सोडल्याच. इथे मात्र जे खपेल ते सगळं मांडलंय. मला पटलं नाही.

वडगावकर ताई
काका, तुम्ही भिंती बघितल्या, चित्रं नाहीत. ती तांब्याची घागर परत एकदा जवळून बघा की. तिच्या पोटावर उजेड पडलाय तिथे पांढरा रंग लावलेलाच नाही. फिकट हिरवट करडा आहे. भोवतीचा तांबडा गडद ठेवलाय म्हणून तो चमकतो. डावी कड काढलेलीच नाही, मागच्या काळोखात मिसळून गेलीय. मागावर बसलेल्या बाईचा खांदाही भिंतीत असाच विरतो. आणि मोठ्या अमूर्तात तोच करडा, तीच हरवलेली कड. फक्त घागर नाही.

आमच्या घरी माग होता, म्हणून आणखी एक सांगते. ताण्याचे धागे त्याने एकेक करून काढलेले नाहीत, ओल्या रंगावरून कोरडा ब्रश ओढलाय. तेवढ्यावर सुताला बसलेला ताण जाणवतो. अमूर्तातल्या उभ्या पट्ट्या तिथूनच आल्यात.

डच चित्रकार मोंद्रियानने आल्याची एकच बरणी घेऊन १९११ आणि १९१२ साली दोन चित्रं केली. पहिल्यात टेबलावरच्या वस्तू ओळखू येतात. दुसऱ्यात बरणी उरते, बाकीचं रेषांच्या जाळ्यात जातं. त्यालाही दोन माणसं म्हणायचं?

निपाणीचे सर
मी चित्रकला शिकवतो. बेळगावात के. बी. कुलकर्णींची परंपरा आहे, समोर बघून काढायची. त्यांच्याच हाताखाली शिकलेले, १९३५ साली बेळगावातच जन्मलेले रवी परांजपे आधुनिकतेच्या नावाखाली चालणाऱ्या कलेवर उघड टीका करत. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. घागरीचा गळा वाकडा झाला तर सातवीतलं पोरगंसुद्धा सांगेल. अमूर्तातली चूक कोण दाखवणार?

वडगावकर ताई
मी दाखवते, सर. दाराजवळची दोन निळी चित्रं फसलेली आहेत. रंग सगळीकडे सारख्याच जाडीचा, त्यामुळे नजर कुठे थांबतच नाही. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवायचे, मधेच काढूनही टाकायचे. खालचा थर वरून जाणवत राहतो. या निळ्यात खाली काहीच नाही. आकार नसला तरी परीक्षा होते, फक्त जास्त वेळ उभं राहावं लागतं.

चंदगडचा
सर, चित्रकार बेंद्रे बडोद्यात शिकवायचे, आणि स्वतः निसर्ग, माणसं, घनवाद (वस्तू कोनाकोनांत मोडून दाखवायची शैली), अमूर्त सगळीकडे फिरून आले. त्यांचा पाया कच्चा होता असं कुणी म्हणेल का? समोर बघून काढायला शिकलेला माणूसच पुढे आकार सोडू शकतो. तुमची परंपरा त्याच्या आड येत नाही, उलट उपयोगी पडते.

निपाणीचे सर
पाया पक्का असेल तर माझी हरकत नाही. पण हल्ली पोरं पहिल्याच वर्षी थेट अमूर्ताला हात घालतात, मला त्याची काळजी आहे. या चित्रकाराबद्दल तेवढं म्हणणार नाही. त्याची घागर खरी आहे.

खानापूरकर
ताई, कडेचं म्हणालात ते आज परत जाऊन बघितलं. बरोबर आहे. घागर आणि मोठं अमूर्त शेजारी लावलं असतं तर मलाही आधीच दिसलं असतं. पण माझी हरकत अजून आहे, आणि ती व्यक्तिचित्रांवर आहे. मोंद्रियाननेही पोटासाठी फुलं रंगवून विकली. त्यात कमीपणा नाही. तरी ते फेटेवाले गृहस्थ आणि ते जोडपं फोटोवरून केलेलं लगेच कळतं. उजेड समोरून सपाट, नाकाखाली सावलीसुद्धा नाही. मागावरच्या बाईला ज्याने असं बसवलं, त्याने ही दोन चित्रं घरीच ठेवायला हवी होती.