५जी टॉवर सुरू झाल्यापासून आठ फुटी छत्रीवर सगळे चॅनल फुटतात

रावेरकर: राम राम मंडळी. रावेर तालुका, आठ फुटी जाळीची छत्री (डिश अँटेना), ८३ अंश पूर्वेच्या जीसॅट-३० उपग्रहावर लावलेली. गावात ५जी सुरू झालं तेव्हापासून रिसीव्हरवर स्ट्रेंथ (सिग्नलचा जोर) ८५ आणि क्वालिटी (त्याची शुद्धता) कधी ०, कधी ३०. रिसीव्हर बदलून पाहिला, फरक नाही. छत्री दहा फुटी करू का?

छत्रीमिस्त्री: थांबा भाऊ, पैसे वाया जातील. स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी शून्य, म्हणजे नको तो सिग्नल घुसतोय. २०२२ च्या लहरींच्या (स्पेक्ट्रम) लिलावात ५जीला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ गेले. सी-बँडचे, म्हणजे आपल्या मोठ्या छत्रीच्या पट्ट्यातले चॅनल ३७०० ते ४२०० मध्ये, पण बरेच जुने एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल वाढवून केबलमध्ये देणारा डबा) ३४०० पासूनच आत घेतात. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, टॉवर पलीकडच्या गल्लीत! एलएनबीचा पहिलाच ॲम्प्लिफायर गच्च होतो, म्हणून एखादा नाही, सगळेच चॅनल जातात.

आधी खात्री करा. खुराड्याची बारीक जाळी, तीन बाय तीन फुटांची, टॉवरच्या बाजूने एलएनबीच्या आड धरा. आपल्याकडे ही छत्री ६४ अंश वर बघते, त्यामुळे बाजूची जाळी उपग्रहाच्या आड येत नाही. क्वालिटी उसळली की चोर सापडला.

तापीकाठ: केबलमध्ये लावायचा फिल्टर कुणी गळ्यात मारेल, घेऊ नका. तो एलएनबीच्या नंतर येतो, बिघाड त्याआधीच झालेला असतो. फीडहॉर्न (एलएनबीच्या पुढचं, सिग्नल गोळा करणारं तोंड) वेगळा असेल तर हॉर्न आणि एलएनबीच्या मध्ये ३७०० ते ४२०० चा वेव्हगाइड फिल्टर (धातूच्या नळीचा, तेवढाच पट्टा आत सोडणारा) बसतो. हॉर्न-एलएनबी एकत्र असेल (बहुतेकांकडे तसाच असतो) तर आत ५जी फिल्टर असलेला एलएनबीच घ्या.

रावेरकर: जाळी धरली, क्वालिटी ६२! एलएनबी एकत्रच आहे. बदलताना काय सांभाळू?

छत्रीमिस्त्री: जुना काढण्याआधी त्याला धरणाऱ्या रिंगमधून तो किती बाहेर आहे ते मिलिमीटरमध्ये मोजा, वरच्या बाजूला मार्करने रेघ मारा. नवा तसाच बसवा, मग क्वालिटी बघत थोडा थोडा फिरवा. कनेक्टरवर रबरी टेप, नाहीतर पहिल्या पावसात पाणी उतरेल. ३७०० च्या अगदी लगतचा एखादा चॅनल तरी अडखळेल. मध्ये ३० मेगाहर्ट्झचीच फट आहे. तेवढ्यासाठी टॉवरच्या बाजूला जाळी कायमची ठोका.

तापीकाठ: आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी बाराच्या सुमारास काही मिनिटं चित्र गेलं तर छत्रीला हात लावू नका भो. सूर्य उपग्रहाच्या मागे आलेला असतो.