लिबर्टेरियन पार्टीचं अधिवेशन: सात फेऱ्या का लागल्या?

प्रश्न (नवखा_वाचक): मे २०२४ ला वॉशिंग्टनमध्ये लिबर्टेरियनांनी (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणारा अमेरिकेतला छोटा पक्ष) चेस ऑलिव्हरला राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट दिलं, पण सातव्या फेरीत! एवढा वेळ का लागला? आणि तिथे ट्रम्प कसे काय भाषण करत होते?

मिशिगनकर: अर्ध्याहून जास्त मतं मिळेपर्यंत मतदान चालूच राहतं, दर फेरीत तळाचा बाद. दुसरा इच्छुक रेक्टेनवाल्ड बराच वेळ पुढे होता, तो सहाव्या फेरीत गेला आणि मग शेवटची लढत ऑलिव्हर विरुद्ध चक्क नोटा! आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला नोटा जिंकला तरी मागचा उमेदवार निवडून येतो, तिथे नोटा जिंकला असता तर पार्टीला उमेदवारच मिळाला नसता.

चहाबाज: ट्रम्प मतं मागायला पाहुणे म्हणून आलेले, प्रतिनिधींनी तोंडावर हुर्यो उडवली. रॉस उलब्रिक्टची (‘सिल्क रोड’ ही ड्रग्ज विकली जाणारी बेकायदा वेबसाइट चालवल्याबद्दल जन्मठेप भोगणारा) शिक्षा कमी करतो म्हणाले तेव्हा मात्र टाळ्या पडल्या, आणि जानेवारी २०२५ ला त्याला खरंच माफी दिली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, छोट्या पक्षाने अडून बसून एक माणूस सोडवून घेतला.

मिशिगनकर: हो, पण मतांचं बघ ना, २०१६ ला त्यांचाच उमेदवार गॅरी जॉन्सनला ३ टक्क्यांच्या वर होती आणि ऑलिव्हरला अर्धा टक्काही नाही, वाईट वाटतं रे.