मदत हवी आहे : आठ नट आणि कुतचा वेढा

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत गावात तुर्की सैन्याने ब्रिटिशांच्या हिंदी फौजेला वेढा घातला होता, त्यावर अर्ध्या तासाचा चित्रपट करतोय. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. वेढ्यात अडकलेल्या फौजेचा सेनापती टाउनशेंड पडद्यावर दिसणारच नाही; गोष्ट १०३ व्या मराठा पलटणीतल्या साध्या शिपायांची. घोड्याचं मांस खायचं की उपाशी राहायचं, हा त्यांचा खरा पेच.

नट फक्त आठ, पैसा जेमतेम. त्यामुळे सगळं एकाच खंदकात, बरंचसं रात्री. शत्रू फक्त आवाजातून. पण सलग चार महिने उपासमार झालीय हे अंगावर कसं दाखवायचं? नटांना खरंच उपाशी ठेवणार नाही, हे आधीच सांगतो! सैल होत जाणारे कपडे आणि गालांखाली सावली एवढ्यावर भागेल का?

दुसरं, रायफली लाकडी आहेत. खऱ्या रायफलीत दर गोळीनंतर बोल्ट (पुढची गोळी भरणारा दांडा) हाताने ओढावा लागतो, तो तरी हलणारा हवा. स्वस्तात कुणी बनवलाय का? नळीतला जाळ संकलनात घालू, पण खांद्याला बसणारा धक्का नटांकडून कसा करून घेता?

शिपायांच्या पायांवरच्या कापडी पट्ट्या मात्र घोट्यापासून वर गुंडाळायला शिकलोय. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या सुटल्या होत्या.