वसतिगृहातील खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात का?

प्रश्न : वसतिगृह अधीक्षक, पुणे

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाची मी अधीक्षक आहे. आमच्याकडे मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील मुलींबरोबर मणिपूर, नागालँड आणि काही आफ्रिकी देशांतून आलेल्या विद्यार्थिनीही राहतात. खोलीतील सोबतीण निवडण्याची मोकळीक आजवर त्यांनाच होती. परिणामी मजल्यामजल्यावर जिल्ह्यांचे आणि, स्पष्टच लिहायचे तर, जातींचे गट पडले आहेत. ‘तुझा सीईटीचा स्कोअर किती?’ असे सहज विचारल्यासारखे करून समोरची कोणत्या प्रवर्गातून आली हे हुडकण्याचा प्रकार पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. पुढील वर्षापासून खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. काही मुलींचा याला ठाम विरोध आहे, आणि विरोध करणाऱ्यांत मागासवर्गीय मुलीही आहेत, म्हणून मी थांबले आहे. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी मत द्यावे.

उत्तर : पंचगंगाकाठ

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे थोडे मागे जातो. कोल्हापुरात १८९६ मध्ये सर्व जातींसाठी खुले वसतिगृह निघाले होते, पण दार सर्वांना उघडे असूनही आत ब्राह्मणेतर मुलांना फारशी जागा मिळाली नाही. त्यानंतर राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहे त्यांच्या पाठबळाने उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी मात्र १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस काढले ते सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवूनच. तेथे मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत आणि सगळी अंगमेहनतीची कामे वाटून घेत.

या दोहोंत एक बरोबर आणि दुसरे चूक असे मला वाटत नाही. आपल्या माणसांत राहण्याची सोय मुलाला शहरात टिकवून धरते, आणि ती सोय काढून घेण्याआधी नव्या व्यवस्थेत कोणाचा शब्द चालणार हे पाहावे लागते. साताऱ्याचा प्रयोग टिकला, कारण तेथे केवळ खोली नव्हे तर काम आणि ताटही सामाईक होते. चिठ्ठी टाकून दोघींना एका खोलीत आणाल, पण मेसमध्ये त्या वेगवेगळ्या टेबलांवर बसणार असतील तर तो केवळ पत्ता बदलणे झाले.

उत्तर : सातपुड्याची

मी नंदुरबार जिल्ह्यातील आहे. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतो. प्रमाण मराठी मी शाळेत शिकले. चिठ्ठीला माझा विरोध नाही, मात्र आपण प्रश्न चुकीच्या जागी शोधत आहात असे मला नम्रपणे वाटते.

माझ्या पहिल्या वसतिगृहात प्रवेशाची यादी सूचनाफलकावर लागली तेव्हा नावापुढे प्रवर्गाचा रकाना छापलेला होता. मग स्कोअर विचारण्याची कोणाला गरजच काय? फी भरण्याच्या खिडकीवर लिपिक मोठ्याने म्हणत, ‘स्कॉलरशिपवाल्या बाजूला उभ्या राहा,’ आणि आम्ही बाजूला उभ्या राहत असू. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये अडकून पडायचा, निर्वाह भत्ता उशिरा यायचा, पण मेसचे बिल ठरलेल्या तारखेलाच भरावे लागे आणि थकबाकीदारांची यादी त्याच फलकावर लागे. त्या यादीत दरवर्षी जवळपास त्याच मुलींची नावे असत. खोलीतील सोबतीण कोणत्या जातीची होती हे मला आज आठवावे लागते. ती यादी आठवावी लागत नाही.

गटांबद्दलही एक सांगते. आम्ही पावरीत बोललो की ‘यांचा गट’ होतो आणि चार पुणेकर मुली एकत्र बसल्या की त्या फक्त मैत्रिणी असतात.

उत्तर : कक्ष समन्वयक

मी एका महाविद्यालयात समान संधी कक्षाचे काम पाहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समतेसंबंधीच्या विनियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. वर्गात जातीचा उच्चार करणे, कोणाला ‘राखीव’ म्हणून हिणवणे, प्रयोगशाळेत रिकामे बसवून ठेवणे, वसतिगृहात किंवा मेसमध्ये वेगळे काढणे, हे सारे त्यांत भेदभाव म्हणून नोंदलेले आहे. वरील ताईंनी सांगितलेला खिडकीवरचा प्रकार त्यातच मोडतो. कागदावर इतके स्पष्ट असूनही या विनियमांच्या अंमलबजावणीसाठी जातीय छळाच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

कक्ष का चालत नाही, याचे माझ्या मते एक साधे कारण आहे. अनेक ठिकाणी भेदभावविरोधी अधिकारी म्हणून नेमलेले प्राध्यापकच अंतर्गत गुण देतात किंवा विभागप्रमुख असतात. त्यांच्याकडे तक्रार घेऊन कोण जाईल? मग वर्षअखेरीस ‘तक्रारी : निरंक’ असा अहवाल जातो आणि संस्था त्यावर समाधान मानते. तक्रार घेणारी व्यक्ती त्या विद्यार्थिनीच्या विभागाबाहेरची असावी, एवढे तरी आपण आपल्या अधिकारात करून घेऊ शकता. अर्थात १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येणारे प्रकरण कक्षात मिटवू नये. ते पोलिसांकडेच जायला हवे.

उत्तर : कोकणातली माजी विद्यार्थिनी

मेसचा विषय निघाला म्हणून लिहिते. मुंबईच्या आयआयटीत २०२३ मध्ये शाकाहारी टेबले राखून ठेवण्यावरून वाद झाला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांना दंडही झाला, हे आपल्याला ठाऊक असेल. आमच्या वसतिगृहात नागा मुलींच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या वासाची तक्रार झाली आणि खोलीत खाद्यपदार्थ ठेवण्यावर बंदी आली. मात्र बंदीचे कलम लिहिणाऱ्यांनी ‘उग्र वासाचे’ असे शब्द घातल्याने माझे सुकट आणि सोडेही त्याच फेऱ्यात सापडले. तेव्हापासून त्या मुली आणि मी, आमची घट्ट मैत्री आहे. लोणच्याची बरणी मात्र कोणी उग्र ठरवली नाही.

मूळ प्रश्नकर्त्या

सर्वांची आभारी आहे. प्रवर्गाचा रकाना आमच्याही यादीत होता; केवळ नाव आणि खोली क्रमांक असलेली नवी यादी आज लावली आहे. शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत मेसच्या बिलाला मुदत द्यावी आणि थकबाकीची सूचना प्रत्येकीला स्वतंत्रपणे द्यावी, असा प्रस्ताव पुढील बैठकीत मांडणार आहे. चिठ्ठी पहिल्या वर्षाच्या मुलींपुरती ठेवून एका सत्रानंतर कारण न विचारता खोली बदलण्याची मुभा द्यावी, असे सध्या मनात आहे. तळमजल्यावरील खोल्या अपंग विद्यार्थिनींसाठी राखीव असल्याने त्या चिठ्ठीबाहेर राहतील. मग त्यांच्या सोबतिणी कशा ठरवाव्यात? याचा कोणास अनुभव असल्यास जरूर लिहावे.