चूकदुरुस्ती पत्रावर आता सही कोणाची?

'कंपनी दिवाळखोरीत गेली की करारातली चूक कायमची' हे मत जरा टोकाचं आहे. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, 1963 च्या कलम 26 मध्ये फसवणूक किंवा दोन्ही पक्षांची सामाईक चूक असेल तर दस्त दुरुस्त करायची सोय आहे. अट एवढीच की प्रामाणिकपणे, मोबदला देऊन हक्क मिळवलेल्या तिसऱ्याला त्याचा फटका बसता कामा नये. गहाणखतात गट क्र. 112 च्या जागी 121 पडला आणि दरम्यान 112 दुसऱ्या बँकेने रीतसर तारण घेतला, तर मात्र अवघड.

खरी गोची वेळेची. एनसीएलटीने (कंपन्यांची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने) दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की मोरॅटोरियम, म्हणजे दाव्यांना तात्पुरती स्थगिती, लागतो, मग कंपनीवरचा दुरुस्तीचा दावा जागच्या जागी थांबतो. संचालकांचे अधिकारही निलंबित, म्हणजे जुन्या ओळखीच्या संचालकाकडून चूकदुरुस्ती पत्रावर सही आणण्यात काही अर्थ नाही (असे सल्ले देणारे भेटतात!). त्यापेक्षा कर्जाचं मंजुरीपत्र, मूल्यांकन अहवाल, तेव्हाचे ईमेल क्लेमसोबतच (दिवाळखोरीत येणं मागायच्या अर्जासोबत) जोडा. आणि चार्ज (मालमत्तेवरचा कर्जाचा बोजा) नोंदवलाय का तेही बघा. कंपनी कायद्याच्या कलम 77 प्रमाणे नोंद नसलेला चार्ज लिक्विडेटर (कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा) विचारातच घेत नाही, मग दस्त कितीही बिनचूक असो.